मीडिया प्लेअर अडकतोय? प्लॅन वाढवण्याआधी घरातली वाट तपासा

बेळगावात असो, खानापुरात असो की निपाणीत, टीव्हीला जोडलेला मीडिया प्लेअर अडकायला लागला की घरात एकच वाक्य ऐकू येतं: "नुसतं फिरूलंय की ते!" मग केबलवाल्याला फोन जातो, तो ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट वेगाचा) प्लॅन १००चा करून देतो, महिन्याचं बिल वाढतं आणि चित्र अडकायचं तिथंच अडकतं. पेन्शनवर चालणाऱ्या घरांत हे झालेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा दोष बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा नसतोच. तो सोप्यातल्या मोडेमपासून माजघरातल्या टीव्हीपर्यंतच्या वाटेवर असतो, आणि ती वाट तपासायला पैसे लागत नाहीत. तासभर वेळ आणि थोडी शिस्त लागते.

अँड्रॉइड बॉक्स, टीव्हीत खोचायची स्टिक, कोडी (व्हिडिओ चालवायचा मोफत प्रोग्रॅम) चालवणारा छोटा संगणक किंवा नुसता स्मार्ट टीव्ही, तुमच्याकडे काहीही असो, तपासायची रीत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर तेच चित्र पुन्हा लावून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चालू झालं तरी कशानं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी तीन चाचण्या

पहिली चाचणी नेटवर्क पूर्ण वगळून. जी फाइल अडकते तीच पेनड्राइव्हवर घ्या आणि थेट बॉक्सला लावून चालवा. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, म्हणून आधी एक्सफॅटनं फॉरमॅट करून घ्या. पेनड्राइव्हवरूनही चित्र तुटत असेल तर नेटवर्क निर्दोष आहे. बॉक्सच्या चिपला ती फाइल उलगडता येत नाही. जुन्या बॉक्सना १० बिटच्या एच.२६५ फाइल (जास्त दाबून लहान केलेले व्हिडिओ) झेपत नाहीत, त्यावर राउटर (घरात वायफाय वाटणारी पेटी) बदलून काही होणार नाही.

दुसरी चाचणी घरातल्याच संगणकावरची किंवा हार्डडिस्कवरची फाइल नेटवर्कवरून लावायची. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: ही फाइल चालायला इंटरनेट लागत नाही. ती संगणकातून राउटरला आणि राउटरमधून बॉक्सला जाते, घराचा उंबरा ओलांडत नाही. मोडेमची फायबर वायर काढून ठेवली तरी ती चालायला हवी. मग प्लॅन ५०चा असो की ३००चा, तिच्यात फरक पडणार कसा?

तिसरी चाचणी इंटरनेटवरचा एखादा व्हिडिओ. घरातली फाइल सुरळीत चालते आणि फक्त इंटरनेटचंच अडकतं, असं झालं तरच संशय बाहेरच्या जोडणीवर घ्या. दोन्ही अडकत असतील तर दोष बॉक्स आणि राउटर यांच्या मधे आहे. इंटरनेट चालतं पण घरातला संगणक दिसतच नाही, हा तिसरा प्रकार. त्याची कारणं वेगळी, ती पुढे सविस्तर सांगितली आहेत.

वीज जाऊन आल्यावर

आपल्याकडे हेस्कॉमची वीज जाते-येते, आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात झाड तारेवर आलं की रात्रभरही येत नाही. वीज परतली की घरातली सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. बॉक्स लवकर तयार होतो, मोडेमला मात्र फायबरशी बोलणी करून घरातल्या यंत्रांना पत्ते (आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचे ओळखक्रमांक) वाटायला लागेपर्यंत वेळ लागतो. काही बॉक्स एकदा पत्ता मागून थांबतात आणि "नेटवर्क नाही" म्हणत बसतात. अशा वेळी बॉक्सचा प्लग काढा, मोडेमचे दिवे स्थिर होऊ द्या, वेगळा राउटर असेल तर त्यालाही एक-दोन मिनिटं द्या आणि बॉक्स शेवटी लावा. रिमोटनं बंद-चालू करून भागत नाही. तेव्हा बॉक्स नुसता झोपलेला असतो, नव्यानं सुरू होत नाही.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. स्वस्त बॉक्सना वेळ धरून ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की त्यांची तारीख काही वर्षं मागं जाते, कधी थेट १९७०वर. मग वायफाय जोडलेलं दिसतं, घरातल्या फाइलही चालतात, पण इंटरनेटवरचं एकही ॲप उघडत नाही. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात आणि चुकीच्या तारखेला ती अवैध ठरतात. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ बघा, आपोआप वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा. तेवढ्यानंही जमलं नाही तर एकदा हातानं तारीख घाला. वीज गेल्यानंतर "सगळं जोडलंय पण काहीच लागत नाही" अशी तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी घड्याळ बघायला सांगतो.

मोडेम आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घरात इन्व्हर्टर नसेल तर तो घ्यावा असं माझं मत आहे. पण आधी अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, सगळी यंत्रं १२ व्होल्टची नसतात.

आयपी पत्ता वाचायला शिका

सगळ्या तपासणीत माझ्या मते सर्वांत कामाची गोष्ट हीच. बॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये आयपी ॲड्रेस दिसतो, तो कागदावर लिहून घ्या. संगणकाचाही बघा: विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग चालू असलेल्या जोडणीचे गुणधर्म. फोनचाही वायफायच्या तपशिलात मिळतो. तिन्ही एकाखाली एक लिहा.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर यंत्रानं पत्ता मागितला पण कुणी दिलाच नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. राउटरचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद आहे किंवा मधली वायर तुटकी आहे. राउटर आणि बॉक्स परत सुरू करा, वायर बदलून बघा.

बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि संगणकाचा १९२.१६८.०.१२ असा निघाला तर गाठ सापडली म्हणून समजा. सर्वसाधारण घरातल्या राउटरवर टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे सगळीकडे सारखे हवेत. ते वेगळे म्हणजे घरात दोन नेटवर्क झाली आहेत. आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण फायबरवाल्याचा मोडेम स्वतःच राउटर असतो आणि वायफाय मागपर्यंत पोचत नाही म्हणून घरातलं कुणीतरी काकतीवेसच्या किंवा शहापूरच्या दुकानातून दुसरा राउटर आणून त्याला जोडतं. दोघेही पत्ते वाटायला लागतात. संगणक एका राउटरच्या मागं आणि टीव्ही दुसऱ्याच्या. दोघांनाही इंटरनेट मिळतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, पण टीव्हीला संगणक काही केल्या दिसत नाही.

उपाय असा. नव्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड आहे का बघा. असेल तर तो निवडा, राउटर परत सुरू होईल आणि पत्ते वाटायचं काम मोडेमवर सोडून देईल. हा पर्याय नसेल तर तीन गोष्टी हातानं करा: नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता मोडेमच्याच ओळीतला पण कुणालाही न दिलेला करा, उदाहरणार्थ मोडेम १९२.१६८.१.१ असेल तर राउटर १९२.१६८.१.२. त्याचं डीएचसीपी बंद करा. मग मोडेमकडून येणारी वायर वेगळ्या रंगाच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमधून काढून साध्या लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये घाला. सगळी यंत्रं बंद-चालू करा आणि पत्ते परत वाचा. पहिले तीन आकडे जुळले की पुष्कळ घरांत काम तिथंच संपतं.

संगणकाचा पत्ता रोज बदलत असेल तर कालपर्यंत चालणारा फोल्डर आज सापडत नाही. मोडेमच्या सेटिंग्जच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाचा पर्याय असतो. तिथं संगणकाला कायमचा एक आकडा देऊन टाका. बॉक्समध्ये मग तोच लिहायचा.

भिंती आणि वायफाय

आता आपल्या घरांकडे बघू. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत जांभ्या दगडाच्या जाड भिंती आहेत. निपाणी-चिकोडीकडे जुनी घरं काळ्या दगडाची किंवा पांढऱ्या मातीची. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. यांतल्या कुठल्याही भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय रडतखडतच जातं, आणि मधे दोन भिंती आल्या तर जवळजवळ संपतं. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि ओली भिंत लहरी जास्त शोषते. उन्हाळ्यात बरा चालणारा टीव्ही जुलैत अडकायला लागला तर या कारणाचाही विचार करा. पत्र्याचं छत, लोखंडी कपाट, फ्रिज आणि पाण्याची टाकी हेही वाट अडवणारेच.

२.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त लांब जातं, पण त्याचा वेग कमी आणि गर्दी जास्त. एकच अँटेना असलेल्या साध्या बॉक्सला त्यावर जोडणीचा वेग जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस दिसतो, प्रत्यक्षात हातात येतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, शेजारपाजारचे पंधरा-वीस राउटर एकाच पट्ट्यात बोलत असतात. फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या आणि कुठल्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या कुठल्या कप्प्यात, गर्दी आहे ते बघा. २.४मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. यांतला जो मोकळा असेल तो राउटरमध्ये नेमा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ३ किंवा ८ असले मधले चॅनेल निवडू नका, दोन्हीकडचा त्रास ओढवून घ्याल.

५ गिगाहर्ट्झ टीव्हीला दिसतच नसेल तर राउटर ५२ ते १४४ यांतल्या एखाद्या चॅनेलवर गेला असेल. हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात आणि कित्येक स्वस्त बॉक्स ते बघतच नाहीत. राउटरमध्ये ३६ किंवा १४९ नेमून बघा.

बॉक्स टीव्हीच्या पाठीमागं चिकटवू नका. टीव्हीचा धातूचा पत्रा अँटेनासमोर येतो. स्टिक असेल तर सोबत मिळालेली छोटी एचडीएमआय वायर वापरा, तेवढ्या वीतभर अंतरानंही फरक पडतो. आणखी एक कारण सहसा कुणी सांगत नाही: यूएसबी ३ची हार्डडिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर निर्माण करते. बॉक्सला डिस्क लावल्यावरच वायफाय ढासळत असेल तर डिस्क लांब वायरनं दूर ठेवा, नाहीतर बॉक्स ५ गिगाहर्ट्झवर न्या.

वायफाय वाढवायला रिपीटर घेणार असाल तर थांबा. साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच लहरीवर, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो टीव्हीजवळ लावतात, जिथं मुळात सिग्नलच मेलेला असतो.

वायर टाका

माझं ठाम मत: टीव्ही एका जागी राहणारी वस्तू आहे, तिला वायर द्यावी. कॅट ५ई किंवा कॅट ६ची तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट (१००० एमबीपीएस) नेते. कौलारू घरात माळ्यावरून, स्लॅबच्या घरात दाराच्या चौकटीकडेनं ती सहज निघते. विकत घेताना "सीसीए" लिहिलेली घेऊ नका. ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, पटकन तुटते. टोकाला आठही तारा क्रिम्प करून (दाबून बसवून) घ्या. चारच जोडल्या किंवा एक जरी निसटली तरी १ गिगाबिटची जोडणी १००वर येऊ शकते, आणि ती चालू दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढच्या घरातून मागच्या घरात, किंवा भावाच्या घरी अंगणातून उघडी तांब्याची वायर मात्र टाकू नका. आपल्याकडे वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. जवळ कुठं वीज पडली तरी तांब्याच्या वायरीतून झटका येऊन दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. दोन घरांच्या मधे फायबर टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या लॅन वायरीला जोडणारी पेटी) लावा. फायबरमधून वीज वाहत नाही.

लग्नाची कॅसेट आणि १०० एमबीपीएस

बऱ्याच टीव्हींना आणि स्वस्त बॉक्सना लॅनचं पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं, हातात येतात साधारण ९४. सिनेमासाठी ते भरपूर आहे. हिशोब सोपा: फाइलचे जीबी गुणिले ८०००, भागिले चित्राचे सेकंद. दोन तासांची ९ जीबीची फाइल म्हणजे ७२,००० भागिले ७,२००, सरासरी १० एमबीपीएस. तीच ५४ जीबीची असेल तर ६०. ही सरासरी आहे, पळापळीच्या दृश्यात आकडा बराच वर जातो.

अडचण येते ती लग्नाच्या शूटिंगला. फोटोग्राफर फोर-केमध्ये केलेलं कच्चं चित्रण पेनड्राइव्हवर देतो. ते पुष्कळदा १०० एमबीपीएसनं केलेलं असतं. १०० ची फाइल ९४ च्या पोर्टमधून मावत नाही, मग आजीसमोर मंगलाष्टकं अडखळत लागतात. अशा वेळी दोन वाटा आहेत. बॉक्सला ५ गिगाहर्ट्झचं चांगलं वायफाय मिळत असेल तर वायर काढून त्यावर चालवा, ते १००च्या पुढं जातं. नाहीतर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅमनं २० एमबीपीएसच्या आसपासची प्रत बनवा. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका.

संगणक टीव्हीला दिसत नसेल तर

पत्ते जुळले आहेत, तरी बॉक्सच्या यादीत संगणक येत नाही. आधी सोपं बघा: टीव्ही गेस्ट नावाच्या वायफायवर तर नाही ना? गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना घरातली बाकी यंत्रं दिसू नयेत हीच त्याची रचना असते. काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाचा पर्यायही हेच करतो, तो बंद करा.

मग संगणक. विंडोजनं तुमचं वायफाय पब्लिक समजून ठेवलं असेल तर तो स्वतःला लपवतो. जोडणीच्या गुणधर्मात जाऊन प्रायव्हेट करा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याचा फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघा. त्यानं काम झालं तर तो परत चालू करून त्यात घरच्या नेटवर्कला परवानगी द्या.

फोल्डर शेअर करायची विंडोजची पद्धत म्हणजे एसएमबी. तिची पहिली आवृत्ती असुरक्षित आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेनं जगभर पसरला आणि त्याच वर्षीच्या विंडोज १०पासून ती नव्या संगणकांत आपोआप येणं बंद झालं. जुने बॉक्स अजून तीच मागतात. इंटरनेटवर कुणी ती परत चालू करायला सांगितलं तर ऐकू नका. कोडीत सेटिंग्ज, सर्व्हिसेस, एसएमबी क्लायंट इथं जाऊन किमान आवृत्ती दोन करा. जुन्या बॉक्सवर व्हीएलसी हा मोफत प्लेअर घालून बघा.

पासवर्ड विचारला की लोक चार आकडी पिन घालतात. पिन त्या संगणकापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. विंडोज ११ प्रोच्या २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डी पाहुणा म्हणून शिरणंही बंद झालं आहे. सरळ मार्ग असा: संगणकावर टीव्हीसाठी एक वेगळं स्थानिक खातं काढा, त्याला साधा पण खरा पासवर्ड द्या, आणि फोल्डर फक्त वाचण्यापुरता त्या खात्याला शेअर करा. कोडीत ॲड नेटवर्क लोकेशन निवडून संगणकाचा आयपी पत्ता, फोल्डरचं नाव, खातं आणि पासवर्ड हातानं भरा. यादीत संगणक दिसायची वाटच बघू नका. पत्ता माहीत असेल तर यादी लागत नाही.

अर्ध्या तासानं चित्र थांबत असेल तर संगणक झोपतोय. वीज बचतीच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. फोल्डरची देवनागरी किंवा कन्नड नावं चौकोन होऊन दिसत असतील तर बॉक्समध्ये त्या लिपीचा फाँट नाही. तेवढी नावं रोमन लिपीत करा.

फायबरवाल्याला फोन करताना

मोडेमवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा असेल तर घरात काहीही करू नका, फायबर बहुधा बाहेर कुठंतरी तुटलंय. कानडी बोलणारा मुलगा फोनवर असेल तर "केंप लाइट बंदैति" (लाल दिवा लागलाय) एवढं म्हटलं तरी त्याला कळतं. लाल दिवा नसेल तर त्याला आयपी पत्ते, वायरनं जोडलेल्या संगणकावर मोजलेला वेग आणि अडकायची वेळ, हे तीन तपशील सांगा. फक्त रात्री आठ ते अकरा अडकत असेल तर तेही सांगा, ती त्याच्याकडची गर्दी असू शकते.

मोडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट मात्र करू नका. त्यात तुमच्या जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड साठवलेले असतात, ते पुसले जातात. मग तो मुलगा घरी येऊन परत भरेपर्यंत इंटरनेट बंदच राहतं.